पाच मिनिटं छत्तीस सेकंद: एका संथ ट्रॅकचं तक्रार-प्रकरण

भोसरी एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे बारके पार्ट बनवणारी कंपनी. ग्राहकाची तक्रार आली की आमच्याकडे एक ठरलेला रिपोर्ट भरावा लागतो. त्याला ‘आठ डी’ म्हणतात, फोर्डनं १९८७ मध्ये रूढ केलेली पद्धत. त्यात दुसऱ्या रकान्यात ग्राहक काय म्हणतोय ते लिहायचं आणि चौथ्यात खरं कारण काय निघालं ते. नवीन पोरं दोन्हीकडे एकच वाक्य लिहितात आणि साहेब रिपोर्ट परत पाठवतात.

हे सांगायचं कारण असं, की गेल्या पावसाळ्यात घरी बनवलेला एक इलेक्ट्रॉनिक ट्रॅक मी ओळखीच्या लोकांना ऐकवला, आणि आलेल्या प्रतिक्रियांचं करायचं काय, हेच मला दोन आठवडे कळेना. शेवटी एका रविवारी शंभर पानी वही घेतली आणि ऑफिससारखेच दोन रकाने आखले. खाली जे आहे ते त्या वहीतलं. सगळं नाही, कारण काही नोंदी नुसत्याच चिडून केलेल्या आहेत.

माल काय होता

डाउनटेम्पो म्हणजे संथ लयीचं इलेक्ट्रॉनिक संगीत. १९८० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या क्लबांत नाचून दमलेल्यांसाठी वेगळी शांत खोली असायची. तिथं जे वाजायचं, त्यातून हा प्रकार वाढला. ठोके असतात, पण नाचायला लावणारे नाहीत. माझा ट्रॅक ८० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ८० ठोके. चार ठोक्यांचा एक बार बरोब्बर तीन सेकंदांचा होतो. असे ११२ बार, एकूण ५ मिनिटं ३६ सेकंद.

त्यात गोष्टी मोजक्याच. कर्वेनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगवर जो पत्रा आहे, त्याच्यावरचा पाऊस, फोनवर रेकॉर्ड केलेला. आत्याचा तानपुरा. मागे पसरलेला पॅड, म्हणजे सिंथेसायझरचे लांबवलेले सूर. हलके ड्रम्स. आणि तळाला बेस, अगदी स्वच्छ साइन वेव्ह, ५५ हर्ट्झची. ५५ यासाठी की आत्याचा षड्ज पांढरी सहा आहे, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी. तिच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, ११० वर लागतो, त्याच्या खालचं सप्तक ५५.

बनवायला चार महिने लागले. सगळं रात्री दहानंतर, दहा बाय दहाच्या खोलीत, आवाज लहान ठेवून. खोलीचं माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली फेरी

रविवारी रात्री नऊ जणांना व्हॉट्सअपवर फाइल पाठवली. मूळ फाइल ८९ एमबीची, ती कोण उतरवून घेणार, म्हणून एमपीथ्री केली. सोबत एक ओळ: ‘घरी केलंय, कसं वाटलं सांगा.’

उत्तरं अशी: मस्त. भारी. मस्तच रे. ध्यानाला छान आहे. एकानं नुसते तीन अंगठे. ऑफिसातल्या सहकाऱ्याचं उत्तर सगळ्यात आधी आलं, ‘पूर्ण ऐकलं, मस्त!’ फाइल पाठवल्यापासून दोन मिनिटांत. ट्रॅक साडेपाच मिनिटांचा. पुणेकर तोंडावर बोलतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा स्वतःचं गाणं पुणेकरांना ऐकवून बघावं.

राग त्यांच्यावर नव्हता. ‘कसं वाटलं’ विचारलं की समोरचा माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देतो. कामावर आम्ही ग्राहकाला ‘पार्ट आवडला का’ असं कधीच विचारत नाही. कुठल्या मशिनवर बसवला, किती वेळ चालला, आवाज कुठून आला, असं विचारतो.

म्हणून आठवड्यानं दुसरी फेरी. या वेळी सहाच जण, आणि प्रश्न चार: कशावर ऐकलंत? कुठे बसून? हात फोनकडे कितव्या मिनिटाला गेला? कुठला आवाज नकोसा झाला? मी स्वतःलाही एक नियम घातला. उत्तर आलं की खुलासा करायचा नाही. ‘ते मुद्दाम केलंय’ हे वाक्य तर बंदच. हा नियम मी दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा समोरचा लगेच म्हणाला, ‘हां हां, मग बरोबर आहे.’ तिथं तक्रार मेली.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. आवडलं-नावडलं यात भीड आडवी येते, पण ‘साधारण सव्वा मिनिटाला मी मेसेज बघायला गेलो’ हे सांगताना कुणाला अवघड वाटत नाही.

‘सुरू कधी होतं?’

हा प्रश्न ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणाऱ्या मित्राचा. त्यानं मेट्रोत ऐकलं, वनाजला बसून, इअरबड्सवर. त्याचं म्हणणं जसंच्या तसं: “अरे, आनंदनगर गेलं तरी तुझं गाणं काही चालू होईना. मला वाटलं ब्लूटूथ तुटलं.”

माझा इंट्रो ३२ बारांचा होता. तीन सेकंदांच्या हिशोबानं ९६ सेकंद. कारण उघडच दिसत होतं, लांबी. मी तो आठ बारांवर आणला आणि त्याला पुन्हा पाठवला. उत्तर आलं, “आता एकदम अंगावर आलं.” म्हणजे लांबी हे कारण नव्हतं, मी घाई केली होती. चौथ्या रकान्यात दुसऱ्याचंच वाक्य लिहिलं होतं.

खरं काय ते दोन भागांत कळलं. पहिला भाग मी स्वतः सोमवारी मेट्रोत बसून ऐकल्यावर. इंट्रोचा पॅड इतका हळू ठेवला होता की डब्याची घरघर आणि दारांच्या घोषणा यांच्याखाली तो अक्षरशः नव्हताच. रात्री दहानंतर शांत खोलीत जे तरल वाटतं, ते आनंदनगर आणि आयडियल कॉलनीच्या मध्ये शून्य असतं. दुसरा भाग आत्याकडून आला. तिनं पूर्ण ऐकूनही इंट्रोबद्दल काहीच तक्रार केली नव्हती, म्हणून मीच विचारलं, आत्या, सुरुवात लांबली नाही का?

“लांबायला काय, बड्या ख्यालात याहून जास्त वेळ जातो. पण गवई दर आवर्तनाला काहीतरी नवीन दाखवतो. तू आठ वेळा तेच दाखवलंस.”

चार बारांचा लूप, आठ वेळा. तिनं मोजला होता.

आताचा इंट्रो २४ बारांचा, ७२ सेकंद. पहिल्यापेक्षा फार आखूड नाही. पण पाचव्या बारापासून पॅडचा फिल्टर हळूहळू उघडतो, नवव्याला तानपुरा येतो, सतराव्याला बेस एकदाच टेकून जातो. आणि सुरुवातीचा आवाज चार डेसिबलनं वाढवला.

एकाच लॉटमध्ये मोठा आणि लहान

बहिणीनं स्वयंपाकघरात फोनच्या स्पीकरवर ऐकलं. “यात बेस आहे कुठे? नुसता पाऊस आणि तानपुरा ऐकू येतोय.” त्याच दिवशी दुसऱ्या एकानं गाडीत लावलं. चांदणी चौकापर्यंत त्याच्या दाराचं पॅनेल खडखडत होतं, शेवटी त्यानं बंद केलं. ट्रॅक तोच, फाइल तीच.

माझ्या धंद्यात हे फार ओळखीचं आहे. एकाच लॉटबद्दल एक ग्राहक म्हणतो माप मोठं आलं, दुसरा म्हणतो लहान आलं. अशा वेळी पार्टाला हात लावायच्या आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासायचं. माझं गेज म्हणजे माझी खोली, माझी खुर्ची आणि माझे कान.

नुसता ५५ हर्ट्झचा सूर सलग लावून ठेवला आणि खोलीभर चाललो. हा प्रयोग कुणालाही करता येतो आणि पहिल्यांदा केला की अंगावर काटा येतो. खुर्चीत बसलं तर सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. उठून दाराकडे गेलं की येतो. कोपऱ्यात, कपाटाशी उभं राहिलं तर कपाटाची काच बारीक थरथरत होती आणि सूर पोटात जाणवत होता. तीन पावलांचा फरक.

गणित सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या लहरीची बरोबर अर्धी लांबी बसते, ती तिथं अडकून उभी राहते. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ३४३ भागिले ६.१, उत्तर ५६ हर्ट्झ. माझ्या बेसच्या जवळजवळ तोच आकडा. खोली चौरस, त्यामुळे लांबीचीही तीच लहर आणि रुंदीचीही तीच. वर आणखी गंमत अशी की ही उभी लहर भिंतींशी जोरात असते आणि बरोबर मध्यावर मेलेली असते. टेबल भिंतीला लावलेलं, त्याची रुंदी दोन-अडीच फूट, त्यापुढे खुर्ची. माझं डोकं भिंतीपासून पाच फुटांवर यायचं. डावी-उजवी बाजू सारखी हवी म्हणून टेबलही बरोबर मधोमध. चार महिने मी खोलीतल्या अशा एका जागी बसून बेस ठरवत होतो, जिथं तो बेस पोचतच नव्हता. ऐकू येत नाही म्हणून वाढवत गेलो. सगळं मिळून सात डेसिबल.

त्यात रात्रीची वेळ. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज लहान केला की माणसाच्या कानाला खालचे सूर वरच्यांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू ऐकायचं आणि बेस कमी वाटतो म्हणून तो चढवायचा. गाडीची केबिन छोटी आणि बंद, तिथं खालचे सूर तसेही फुगतात. त्या दाराच्या पॅनेलची काही चूक नव्हती.

भिंतीला अंड्याचे ट्रे लावण्याचा सल्ला मला आजवर तीन जणांनी दिलाय. ५५ हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वासहा मीटर असते. तिला अंड्याचा ट्रे म्हणजे हत्तीला डासाची जाळी. जुन्या गोधड्या आणि एक गादी गुंडाळून दोन कोपऱ्यांत उभी केली, त्यानं थोडा फरक पडला असं मला वाटतं, पण पैज लावणार नाही. खरा फरक पडला तो अरुंद टेबल आणून खुर्ची पुढे ओढल्यावर. डोकं भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणलं. मग बेस सहा डेसिबलनं खाली आला, आणि तो निर्णय मी एकट्या स्पीकरवर सोडला नाही, हेडफोनवरही बघितला.

गाडीवाल्याची तक्रार मिटली. बहिणीची वाढली. साहजिक होतं. फोनचा एवढासा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही देऊच शकत नाही. ५५ तिथं सात डेसिबल वाढवूनही नव्हता आणि आता तर नव्हताच. हे कोडं सुटलं ते नारायण पेठेत, आत्याच्या घरी.

आत्या

आत्या ७१ वर्षांची आहे. घरी मुलांना गाणं शिकवायची, आता गुडघ्यांमुळे शिकवणी बंद आहे. तानपुरा मिरजेचा, तिच्या लग्नाआधीचा. तिला माझा ट्रॅक कळेल असं मला वाटत नव्हतं. तिच्या तानपुऱ्याचा वापर केला म्हणून ऐकवायला गेलो, एवढंच.

तिनं माझा हेडफोन घातला आणि एका कानावरून सरकवून मागे ढकलला. डोळे मिटले. मी समोर चहाचा कप धरून बसलो. दीड मिनिटाच्या पुढे कुठेतरी तिची तर्जनी वर झाली आणि तशीच राहिली.

“गंधार भांडतोय.”

“कुणाशी?”

“तानपुऱ्याशी. तानपुरा त्याचा गंधार देतोय, आणि मागे तुझं ते पेटीसारखं काहीतरी दुसराच देतंय.”

मी म्हटलं, आत्या, तानपुऱ्यात गंधाराची तारच नाहीये. पंचम, दोन जोडी, एक खर्ज. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी कप खाली ठेवला. मग तिनं भिंतीशी उभा असलेला तानपुरा घेतला, मणी सरकवून सुरात आणला आणि नुसता खर्ज छेडला. “वरून ऐक. आधी षड्ज जाईल, मग थांब.” खर्ज विरत गेला आणि त्याच्या वर, खूप वर, एक बारीक स्वच्छ गंधार उभा राहिला. याला स्वयंभू गंधार म्हणतात हे मी वाचलेलं होतं. ऐकला त्या दिवशी.

घरी येऊन आकडे मांडले. खर्ज ११० हर्ट्झ, त्याच्या पाचपट ५५०. तोच तो गंधार. माझा पॅड मात्र पेटीसारखा समान अंतरांच्या पट्ट्यांवर चालतो, तिथं त्याच जागेचा सूर ५५४.४ वर आहे. सेंटच्या हिशोबात १४ सेंट वर (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). साडेपाचशेच्या आसपासचे दोन सूर चार-साडेचारच्या फरकानं एकत्र वाजले की सेकंदाला तितक्याच वेळा आवाज फुगतो आणि बसतो. ही थरथर मला चार महिने ऐकू येत होती. मला वाटायचं ती मी पॅडला लावलेल्या कोरस इफेक्टची, म्हणजे सूर किंचित हलवून जाड करणाऱ्या इफेक्टची आहे. मला ती आवडायची. खरं सांगायचं तर मी कोरस थोडा वाढवलाही होता.

दुरुस्ती दहा मिनिटांची वाटली, झाली चार रात्रींची. पॅडमधला तेवढा एक सूर १४ सेंटनं उतरवला की पहिल्या कॉर्डमध्ये भांडण मिटतं. पण चार बारांनी कॉर्ड बदलते आणि तोच सूर आता धैवताचा पंचम होतो. उतरवलेला गंधार आणि न उतरवलेला धैवत यांचं नवं भांडण. धैवतही १६ सेंटनं खाली घेतला, तेव्हा दोघं जुळले. पेटीवर एवढे दिवस टीका का होत आली, हे मला रीपर या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर सूर एक-एक सेंट ओढताना कळलं. जुन्या गवयांना त्यासाठी पडदा लागत नव्हता.

एक कबूल करतो. थरथर गेल्यावर पॅड थोडा सपाट झाला. शेवटच्या सोळा बारांत तानपुरा नाहीच, भांडायला दुसरं कोणी नाही, तिथं मी कोरस परत लावलाय.

त्या दिवशी निघताना आत्या आणखी एक बोलली, चप्पल घालता घालता ऐकलं मी. “आणि तुझ्या त्या खालच्या सुराला जवारीच नाही.” मी परत आत गेलो. तिनं तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्यावर, खर्जाच्या तारेखालचा दोरा ओढून काढला आणि तार छेडली. आवाज एकदम बंद, डब्यासारखा. दोरा पुन्हा सारून जरा इकडेतिकडे केला, आणि तीच तार उघडली. “असा आहे बघ तुझा सूर. दोऱ्याशिवायचा.”

तिचं बरोबर होतं, आणि नेमकं बरोबर होतं. दोरा असला की तार घोडीच्या पाठीला किंचित घासत कंप पावते आणि मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर फुलतात. तीच जवारी. साइन वेव्हची तर व्याख्याच अशी, की तिच्यात मूळ सूर सोडून काहीही नाही. बेसला हलकं सॅचुरेशन दिलं, म्हणजे लहरीची वरची आणि खालची टोकं जराशी, कमी-जास्त दाबली, की ५५ च्या जोडीला ११०, १६५, २२०, २७५ तयार होतात. फोनचा स्पीकर ५५ वाजवू शकत नाही, पण वरचे थोडेफार वाजवतो. आणि माणसाचा मेंदू असा आहे की हे वरचे सूर एका रांगेत आले की न वाजलेला खालचा तो स्वतःच भरून घेतो. इलेक्ट्रॉनिक संगीतवाले हे रोज करतात, मलाही माहीत होतं. पण ‘बेस नाही’ या तक्रारीवर मी फक्त आवाजाची मूठ फिरवत बसलो होतो.

बहिणीला पुन्हा पाठवलं. तिचं उत्तर: “आता आहे. काय केलंस?” जवारी लावली म्हटलं.

बाकीच्या, थोडक्यात

चुलतभावाच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात एकच गोल ब्लूटूथ स्पीकर आहे. त्यावर पाऊस गायब. कारण लगेच सापडलं: पाऊस रुंद वाटावा म्हणून मी उजव्या बाजूची लहर उलटी करून लावली होती. दोन बाजू एकत्र केल्या की अधिक आणि उणे, शून्य. आता डावीकडे एका मिनिटाचा पाऊस आहे, उजवीकडे दुसऱ्याच मिनिटाचा. तो कुठेही जात नाही.

‘आवाज कमी आहे’ हे तिघांनी सांगितलं. अर्धी तक्रार मान्य केली. उणे २० एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या एकूण आवाजाचं माप) होता, उणे १६ वर आणला. त्याच्यापुढे नेऊन उपयोग नाही. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्यांची गाणी उणे १४ च्या आसपास आणून ठेवतात, दाबून दाबून चढवलेलं तिथं परत खालीच येतं आणि दाबल्याचा चपटेपणा तेवढा उरतो.

‘मध्ये एक ड्रॉप टाक’ (म्हणजे ठोके एकदम जोरात सुटतात ती जागा) आणि ‘वर एखादं जुनं हिंदी गाणं बसव, चालेल’ या दोन सूचना वहीत लाल पेनानं आहेत. या तक्रारी नाहीत, वेगळ्या मालाची ऑर्डर आहे. ग्राहक स्क्रू घेऊन गेला आणि म्हणाला यात खिळ्याची मजा नाही, तर त्याचा आठ डी भरत नाहीत.

एका नोंदीपुढे मात्र मी बराच वेळ पेन धरून बसलो. ताशावाला म्हणाला, “दोन मिनिटांच्या पुढे कोणीतरी लयीच्या बाहेर वाजवतंय. बारीक आहे, पण चुकतंय.” मी ड्रम्स तपासले, सगळे जागेवर. मग खालच्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टची वाट बघताना न विचारता सांगितलं, “तुझं ते ऐकलं मी. आपल्या पार्किंगचा पत्रा आहे ना तो? डाव्या कोपऱ्यात भोक आहे, त्याची टपटप येतेय त्यात. माझ्या गाडीवर पडते रोज.”

लयीच्या बाहेर वाजवणारा तो होता. टपटप दर दीड सेकंदाहून किंचित जास्त वेळानं पडते, म्हणजे जवळजवळ माझ्या दोन ठोक्यांच्या अंतरानं, पण नेमकी नाही, त्यामुळे हळूहळू मागे पडत जाते. रीपरमध्ये प्रत्येक थेंब कापून ठोक्यावर बसवला. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष झालं. ऐकलं तर पाऊस गेला होता आणि कुणीतरी चमच्यानं पत्रा वाजवत होतं. पूर्ववत केलं. ताशावाल्याला सांगितलं की तक्रार खरी आहे, कारण सापडलंय आणि दुरुस्ती होणार नाही. कामावर असं लिहायची सोय नाही.

तिसरी फेरी

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा त्याच नऊ जणांना पाठवला. इंट्रोतले आठ बार गेल्यानं ट्रॅक आता ५ मिनिटं १२ सेकंदांचा आहे. या वेळी प्रश्न कुठलाच विचारला नाही.

ताशावाल्यानं गंधाराचा काही फरक जाणवला नाही म्हणून सांगितलं, इंट्रो ‘आता ठीक’. गाडीवाल्यानं दुसऱ्या दिवशी परत वाजवला, हे त्यानं नाही, त्याच्या बायकोनं सांगितलं. आत्याला मी घरी जाऊन ऐकवला. या वेळी बोट वर झालं नाही. संपल्यावर हेडफोन काढून म्हणाली, “बसला आता. पण हे संपतं कुठे? नुसतं विरतं. समेवर यायला नको का?” ती नोंद वहीत आहे, चौथा रकाना अजून कोरा.

आणि ऑफिसातला सहकारी. त्याचं उत्तर याही वेळी एका शब्दाचं होतं, ‘मस्त’. मी वेळ बघितली. फाइल पाठवल्यापासून सात मिनिटांनी आलं होतं.